दारात बसून ऐकलेला नाताळ

दारव्ह्याहून निघालेल्या जीपनं मला फाट्यावर उतरवलं आणि ती बाकीची माणसं घेऊन पुढे गेली. फाट्यापासून देवळापर्यंतची वाट लहानपणी आम्ही पळत जायचो. आज मधल्या पुलाच्या कठड्यावर बसावं लागलं. गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मनही पुढे जायला फारसं राजी नव्हतं. डिसेंबरचं ऊन पाठीला बरं वाटत होतं. रानात वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्यांत कापूस भरून त्या दुरून पोटुशा दिसत होत्या.

पुसदहून दर रविवारी येणाऱ्या तरुण पाळकांनी फोन केला होता. नाताळच्या उपासनेला या बाई, जुनं माणूस आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, असं म्हणाले. एवढ्या लांब कशाला, असं मुलानं विचारलं. तरी पिशवी भरली आणि आले.

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. ते देऊळ तेवढंच आहे, म्हणजे लहानच. कौलं जाऊन पत्रे आलेत. शेजारची शाळा पडली, तिथं आता कुणाचे तरी बैल बांधलेले असतात. पण भिंतींना नुकताच चुना दिला होता, आणि त्याचा तो ओला, गार, घसा किंचित कोरडा करणारा वास पार अंगणापर्यंत आला होता. मी दाराशी पोचले आणि तिथंच उभी राहिले.

माझा नाताळ चुन्याच्या वासानं सुरू व्हायचा. वडील शाळेचे मास्तर होते आणि रविवारी उपासनाही तेच चालवत. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. शाळेला सुट्टी लागली की ते डिंक आणि चिमूटभर नीळ घालून चुना भिजवत. त्यांच्या भुवयांवर पांढरे ठिपके पडत आणि ते चार दिवस तसेच राहत. आम्ही पोरं बांबूच्या कमच्यांची चांदणी बांधायचो, तिला लाल पतंगी कागद खळीनं चिकटवायचो. खळ चाटून बघायचो. कधीतरी मिशनच्या मडमनं बर्फाची चित्रं दाखवली होती, तेव्हापासून बाभळीच्या फांदीवर कापूस लावायची आमची हौस. मायला ते आवडायचं नाही. ती स्वतः वेचणीला जायची. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी तिची बोटं नखांपाशी फाटलेली असत. कापूस म्हणजे काय शोभेचा असतो का, एवढंच ती म्हणे, आणि मग आम्ही लावलेला नीट बसला नसला तर तीच नीट करून देई.

माय त्याच गावची. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे, वस्ती होती. दादांचे वडील तिथूनच कधीतरी ख्रिस्ती होऊन वर देवळापाशी राहायला आले होते. मायचा बाप्तिस्मा तिच्या लग्नाच्या आधी आठ दिवस झाला. म्हणजे आम्ही वर आणि तिचं माहेर खाली, मधे एक पांदण आणि दोन चिंचा. खालून कुणी हाक मारली तर वर ऐकू येई.

दादा देवाचे आभार मानायचे ते डोळे मिटून, एकामागून एक, शुद्ध भाषेत. मायचे आभार उघड्या डोळ्यांचे होते. चूल पहिल्याच काडीत पेटली, विहिरीवर गर्दी नसली, तापलेल्या पोराच्या मानेला घाम फुटला, की ती कामातच, वरसुद्धा न बघता, "बरं केलं बापा" म्हणायची. शेजाऱ्याशी बोलावं तसं. संध्याकाळी वेचणीहून आली की ओटा सोडायची, भिंतीला पाठ टेकायची आणि बराच वेळ काहीच बोलायची नाही. त्या वेळीही ती आभारच मानत असावी असं मला तेव्हा वाटे. आता वाटतं, ती नुसती दमलेली असायची. कदाचित दोन्ही.

नाताळच्या पहाटे फेरी निघायची. तिच्याइतकं सुंदर मी पुढे काही पाहिलं नाही. कंदिलाच्या रॉकेलचा वास, घोंगड्यांचा वास, रात्री तळलेल्या करंज्यांचा वास अजून मायच्या पदराला. तोंडातून वाफ निघायची आणि गाण्याबरोबर ती वर जायची. देवळापासून निघून फेरी पांदणीनं खाली उतरे आणि वस्तीत दारोदार थांबे. शेकोट्या पेटत. अंगावर चादरी ओढून माणसं बाहेर येत, आम्हाला गुळाचा चहा मिळे. आणि सगळ्यांच्या पुढे ढोलकी घेऊन किसनमामा.

किसनमामा मायचा धाकटा भाऊ. तो ख्रिस्ती नव्हता. गाण्यातले निम्मे शब्द त्याला कळत नसत, पण माय गायची म्हणून तो वाजवायचा. मायचा आवाज बारीक नव्हता, भरदार होता, किंचित फाटलेला. ती एक ओळ उचलायची आणि ढोलकी तिला खालून झेलायची. भावंडं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. फेरी संपली की मामा आमच्या ओसरीवर बसून करंज्या खाई आणि दरवर्षी तेच म्हणे, की तुमचा देव वर्षातून एकदाच जन्मतो हे काही बरं नाही.

मग छप्पन सालचा दसरा आला. वस्तीतली बरीच माणसं नागपूरला गेली आणि धम्म घेऊन परतली. अंगावर पांढरे कपडे, चालण्यात काहीतरी वेगळं. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, वाकून घातलेला जोहार सोडला. मामानं ढोलकी आढ्याला टांगली. लग्नात, पोळ्याला, मिरवणुकीत, पाटलाच्या दारात वाजवून वाजवून जे काय मिळायचं ते त्याला आता नको होतं. मायनं हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. बरं केलं त्यानं, असं ती म्हणाली. तिचा हात थांबला नाही. नाताळला काय करायचं, हे तिनं विचारलं नाही आणि आम्हालाही विचारू दिलं नाही.

डिसेंबर लागला, वेचणी भरात आली, आणि एका सकाळी दिल्लीची बातमी आली. सरकी काढायच्या जिनातल्या रेडिओवर कुणीतरी ऐकली आणि पळत वस्तीत आणून सांगितली. मी विहिरीवर होते. खालून आधी एकच आवाज आला, मग अनेक, आणि मग ते आवाज वेगवेगळे राहिलेच नाहीत. माय घागर तिथंच टाकून पांदणीनं खाली धावली. मीही तिच्यामागे गेले. कुणाच्याच घरात मयत नव्हतं आणि प्रत्येक घरात होतं. बाया भिंतीशी बसून छाती पिटत होत्या. आमचा बाप गेला, असं म्हातारी माणसं लहान मुलांसारखी सांगत होती. त्या दिवशी वस्तीत एकही चूल पेटली नाही. मायनं वरून भाकरी करून नेल्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

मामा त्याच दिवशी अरुंद रुळांवरची लहान गाडी धरून मुंबईला निघाला. परत आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि आवाज बसलेला. आमच्या घरावरून गेला, पण थांबला नाही.

दिवस जात राहिले. चुना भिजवला गेला, चांदणी बांधली गेली. आम्हा पोरांना चांदणी टांगायची की नाही कळेना, म्हणून ती ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली. नाताळ जवळ आला तेव्हा मंडळीतली, म्हणजे देवळात येणारी, जाणती माणसं आमच्या ओसरीवर बसली. मिशनच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका मंडळीत वडीलधारे होते, करड्या शिस्तीचे, पण मनानं वाईट नव्हते. फेरी नेहमीसारखी निघालीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रभूचा जन्म कुणाच्या सुखदुःखासाठी थांबत नाही, स्तुती ही सोयीनं करायची गोष्ट नाही. शिवाय यंदा खालून गेलो नाही तर आपण भ्यालो असं दिसेल. इतर दोघातिघांनी माना हलवल्या. यवतमाळला मिशनच्या मोठ्या साहेबांच्या कानावर काय जाईल, हेही कुणीतरी बोललं. दादा पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढत होते. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आता कळतं. नोकरी मिशनची, घर मिशनचं, आणि सासुरवाडी खाली.

माय दाराआड उभी होती. बायका अशा बैठकीत बोलत नसत. ती बाहेर आली आणि कंपाउंडर काकांसमोर उभी राहिली.

"ज्या घरात मयत हाय, त्या घराम्होरं जाऊन गाणे म्हणायचे?" ती म्हणाली. "अशी स्तुती मागणारा देव माह्या वळखीचा नाही, काका. माह्यावाला तं आधी रडणाऱ्यापाशी जाऊन बसते."

मग दादांनी रेघ ओढायची थांबवली आणि यंदा फेरी निघणार नाही, असं सांगितलं. उपासना होईल, देवळात, सकाळी. कंपाउंडर काका चहा न घेता उठले. त्यांचा कप थंड होऊन त्यावर साय धरली, ती मी बोटानं काढून खाल्ली, हे मला अगदी नीट आठवतं.

नाताळच्या पहाटे मी सवयीनं उठले. अंधारात सगळं गप्प होतं. त्या वर्षी करंज्या नव्हत्या. मायनं तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि भाकरी केली होती, तीच सणाची. ऊन आल्यावर आम्ही देवळात गेलो. काही माणसं रागावून आलीच नव्हती. जी आली होती ती अंतर ठेवून बसली. दादांनी जन्माची गोष्ट सांगितली आणि मग नेहमी जिथं थांबत तिथं थांबले नाहीत. त्याच गोष्टीत पुढे, राजानं तान्ही पोरं मारल्यावर, रडणाऱ्या आया आहेत, ज्यांना कुणी समजावू शकलं नाही. त्या आयांवर ते बोलत राहिले. मग गाण्याची वेळ आली. ते मायकडे बघत होते. माय खाली बघत होती. गाणं उचलायचं तिनंच, पण तिच्या तोंडातून शब्द निघेना.

तेव्हा दारात सावली पडली. किसनमामा. पांढरा सदरा, भादरलेल्या डोक्यावर नुकते उगवलेले केस. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर बसला. सगळे वळून बघायला लागले. माय उठली, उपासना सोडून दाराशी गेली आणि त्याच्याजवळ पायरीवर बसली. मी तिच्यामागे गेले, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"फेरी नाही काढली म्हणते लोक, आमच्यापायी," मामा म्हणाला.

"तुमच्यापायी नाही. माह्यानं गाणं होत नाही म्हणून."

"काढ गाणं, बाई. आमचा बाप कोणाचं तोंड बंद करून नाही गेला. उलट बोलाले शिकवून गेला."

नदीकडून गार वारा येत होता. मग तिनं विचारलं, "वाजवशील?"

"नाही. आता कोणाच्याच दारात वाजवणार नाही."

"माह्याही नाही?"

मामानं तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, पण तो हसल्यासारखा दिसला. "तुह्या दारात बसून ऐकीन," तो म्हणाला.

माय आत आली नाही. तिथंच पायरीवर, भावाच्या शेजारी बसून, पाठ देवळाकडे आणि तोंड वस्तीकडे करून तिनं गाणं उचललं. खाली झेलणारं काही नव्हतं. आवाज थेट पांदणीत उतरत होता. पहिल्या कडव्यात तो दोनदा तुटला. मग आतून दादांनी साथ दिली, मग एकेक करून सगळ्यांनी. खाली वस्तीत दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. गाणं संपलं तेव्हा मामा उठला, धोतर झटकलं आणि खाली निघून गेला. जाताना त्यानं मायच्या डोक्यावर हात ठेवला. धाकट्यानं थोरलीच्या डोक्यावर.

त्यानंतर दर नाताळला तो आला. आत कधी आला नाही, पायरी कधी चुकवली नाही. कंपाउंडर काकांनी दोन वर्षं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी ते त्याच्यासाठी स्वतः चहा घेऊन गेले आणि तो पिऊन होईपर्यंत शेजारी उभे राहिले. काय बोलले कुणास ठाऊक. खाली वस्तीत विहाराची जागा धरली गेली, वैशाखात तिथं गोड भात होई आणि तो आमच्या घरी येई. माय तो हातात घेऊन नेहमीसारखं "बरं केलं बापा" म्हणे. हे कोणत्या देवाला म्हणतेस, असं मी एकदा विचारलं होतं. ज्याले ऐकू येईल त्याले, असं तिनं सांगितलं.

साठ सालानंतरचे नाताळ माझ्या मनात एकमेकांत मिसळले आहेत. कुठल्या वर्षी मायचा आवाज गेला, नक्की सांगता येत नाही. आधी वरच्या पट्टीत बसला, मग खोकला आला, मग ती ओळ उचलून द्यायची आणि पुढचं आम्ही म्हणायचो. वेचणी सुटली. दवाखान्याच्या औषधाचा तो तिखट वास घरात मुरला. एका नाताळला तिनं सांगितलं, मला आत नका नेऊ, किसनजवळ बसवा. घोंगडी अंथरून आम्ही तिला पायरीवर बसवलं. गाणं मी उचललं. माझा आवाज तिच्यासारखा नव्हताच, पण वळून बघितलं तर दोघं भावंडं खांद्याला खांदा लावून ऐकत होती. मामानं आपल्या उपरण्यानं तिचे पाय झाकले होते.

होळीच्या आत ती गेली. तिला मातीत ठेवताना मंडळीनं देवाचे आभार मानणारं उपकारस्तुतीचं गाणं म्हटलं, तसा रिवाजच आहे. दादांचे ओठ हलले नाहीत. वस्ती सगळी आली होती. मामानं खोऱ्यानं नाही, हातांनी माती ढकलली.

पुढच्याच वर्षी दादांची बदली मुकुटबनला झाली. त्यामागे काय होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरात आता आभारही मानले जात नव्हते. दादा मंडळीपुढे सगळं करत, पण घरी ताटावर बसले की मान खाली घालून सरळ जेवायला लागत. मीठ कमी की जास्त, हेही बोलत नसत. असे कित्येक महिने गेले. एकदा जंगलाकडून येणाऱ्या एका कोलाम म्हातारीनं शाळेच्या दारात चारोळीची पिकली फळं आणून दिली, पळसाच्या पानात. दादांनी एक तोंडात टाकलं आणि ते चघळतच राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गोड हाय व." मायची बोली. दादा आमच्याशी कधीच तसं बोलत नसत. त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी डोळे मिटले. शब्द फार आले नाहीत. दोनचार आले, ते पुरले.

मामाला मी नंतर एकदाच भेटले. मग शिक्षण, नोकरी, लग्न, बदल्या. माणसं गेली ती कळत गेली, काही तर उशिरानं.

आज उपासनेला मोजकीच माणसं होती. दोन घरं गावची, बाकी आजूबाजूच्या खेड्यांतली. पाळक पोरगेले, पण आवाज चांगला. संपत आलं तेव्हा ते म्हणाले, आता एकेकानं उठून साक्ष द्या, सरत्या वर्षात देवानं काय दिलं ते सांगा. एका बापानं पोराच्या नोकरीसाठी आभार मानले. एका बाईनं डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. मग सगळे माझ्याकडे वळले. जुनं माणूस.

जीपमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. उभी राहिले, बाक धरला, आणि त्यातलं काहीच आठवेना. खिडकीतून ऊन आलं होतं. किती तरी वर्षांत जी बोली माझ्या तोंडी आली नव्हती, ती आली.

"मी लय थकली, देवा," मी म्हणाले. "माही माय चाळिशीत गेली. तिले म्हातारं होऊन थकाले भेटलं नाही. मले भेटलं. त्याचे आभार मानतो मी."

पाळक पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच आमेन म्हणालं, आणि मी बसले. माझ्या शेजारची बाई उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि आजारातून उठलेल्या आपल्या म्हशीसाठी, ती आता पुन्हा दूध देते म्हणून, सविस्तर आभार मानायला लागली.